सूतभर

सकाळी सहा

रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवलेला सांधा सोडायचा तो सकाळच्या पहिल्या उजेडात. दिवा लावून पाहिलं तर सगळंच बरं दिसतं. गिटारीची वरची फळी, तिला सतारवाल्यांच्या बोलीत तबली म्हणतात, ती दोन पातळ पानं मधोमध जोडून होते. मी तबली खिडकीसमोर आडवी धरली. दोन्ही टोकांना सांधा काळाभोर आणि मध्ये वीतभर लांबीत केसाएवढी उजेडाची रेघ.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. काल संध्याकाळी दोन्ही कडांना रंधा मारून झाला आणि लाइट गेली. ती आली रात्री नऊला. मधल्या वेळात पावसाची सर येऊन गेली. लाकूड टोकांकडून ओल लवकर पितं, त्यामुळे टोकं फुगली आणि मध्ये पोकळी राहिली. भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारा काटा आहे. गिटारीच्या कामाला तो पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास हवा. आमच्या यवतमाळात मे महिन्यात तो विसाच्या खाली उतरतो आणि मृग बरसला की ऐंशीच्या वर चढून बसतो. पन्नासावर तो वर्षातून किती वेळ टेकतो ते विचारू नका.

हाच सांधा कपाटाच्या दाराचा असता तर भुशात फेविकॉल कालवून भरला असता, वरून पॉलिश पेपर फिरवला असता आणि गिऱ्हाइकाच्या नातवालाही तो कळला नसता. पण तबलीवर सहा पोलादी तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास ओढा येतो, तोही रात्रंदिवस. शिवाय ती जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड. भुसा भरलेला सांधा पहिल्या उन्हाळ्यातच तोंड उघडेल. शिकंजा आणखी आवळून बंद केलेल्या सांध्याची गतही तीच, कारण आवळून मिटवलेली फट लाकडाच्या ध्यानात राहते.

म्हणून बारीक दातांची करवत घेऊन सांध्यावरूनच तबली पुन्हा दुभागली. दोन्ही पानं एकावर एक ठेवून कडा एकदमच रंध्याखाली घेतल्या. रंधा थोडा तिरका चालला तरी एका पानाचा तिरकेपणा दुसऱ्याच्या तिरकेपणाला मिळतो आणि सांधा बसतो. प्रत्येक बाजूचं अर्धं सूत लाकूड गेलं. गिटारीचं पोट सर्वांत रुंद जागी पंधरा इंच, पानं मिळून सोळाच्या वर होती, म्हणून हे परवडलं. या वेळी रंधा खाली ठेवला आणि पाच मिनिटांत सरस लावून शिकंजा चढवला.

एवढा जीव तबलीवरच का टाकायचा? स्पेनमध्ये आंतोनियो दे तोर्रेस नावाचा कारागीर होऊन गेला. आज जगभर गिटारीचा जो घाट चालतो तो बराचसा त्याचा. 1862 मध्ये त्याने एक गिटार केली. तिची पाठ आणि कुशी कागदाच्या लगद्याच्या, फक्त तबली चांगल्या लाकडाची. आवाज कुठून येतो ते त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पाठीवर डाग राहिला तर गिऱ्हाईक कुरकुरतं. तबलीत दोष राहिला तर गिटारच कुरकुरते.

साडेसात

भाचा आला, चहा झाला. दुकानाचं खरं उत्पन्न चौकटी, खिडक्या, देव्हारे आणि दिवाणांचं. गिटारी वर्षाकाठी दोन-तीन, त्याही ओळखीच्यांच्या. लाकूड मात्र मी बाहेरून फारसं आणत नाही. पांढरकवडा, घाटंजी, वणीकडच्या जंगलांचा सागवान इथल्या माणसाला नवा नाही. नवा घ्यायचा तर वनखात्याचा डेपो, लिलाव, वाहतुकीची टीपी म्हणजे परवाना, ही सगळी यात्रा आली. त्यापेक्षा पडक्या वाड्याचं जुनं सरं मिळालं तर सोनं. साठ-सत्तर पावसाळे बघितलेलं लाकूड आता फारसं हलत नाही. त्यात मोडके खिळे असतात, म्हणून आधी त्यावरून लोहचुंबक फिरवायचं. एक खिळा राहिला तर रंध्याच्या पात्याला खांड पडते आणि पुढचा अर्धा तास दगडावर जातो.

तबलीचं स्प्रूस तेवढं इथं मिळत नाही. ते मागवलेलं आहे. ते बिघडलं तर पैसे जातातच, वर दोन आठवडे वाट बघणं आलं.

नऊ

दांडीच्या दर्शनी बाजूवर बसवायची शिसवाची पट्टी भाच्याच्या हातात दिली होती. तिच्यावर पडद्यांच्या खाचा पाडायच्या. सातव्या खाचेशी करवतीचा आवाज थांबला आणि बराच वेळ पुन्हा आलाच नाही. असा आवाज बंद झाला की मी मान वर करतो.

“मामा, गेली.”

“काय गेलं?”

“रेघेच्या अलीकडंच पडली. अर्धं सूत.”

“खोल केली?”

“नाही, पण पडली तर.”

“मग आता हात नको लावू तिले. आधी मले पाहू दे.”

त्याच्या हातात पॉलिश पेपर आलेलाच होता. तो मी काढून घेतला. चूक झाल्यावरची पहिली पाच मिनिटं फार वाईट असतात. माणूस घाईघाईत घासतो, कोरतो, भरतो आणि एका चुकीच्या तीन करून ठेवतो.

अर्धं सूत म्हणजे दीड मिलिमीटर. चौकटीत एवढ्याला कोणी चूक म्हणत नाही. इथं मात्र हिशोब असा आहे. तारेची लांबी 650 मिलिमीटर. पहिला पडदा कुठे पडणार? 650 ला 17.817 ने भागायचं, 36.48 मिलिमीटर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की दुसरा. असं करत गेलं की बारावा पडदा बरोबर निम्म्यावर येतो, 325 वर. सातवा येतो 216.18 वर. तो दीड मिलिमीटर अलीकडे पडला तर तिथला सूर खाली राहतो. एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले सहा. एकट्या तारेवर ते चटकन कळणार नाही. पण त्या पडद्यावर बोटं दाबून सहा तारा एकदम छेडल्या की वाजवणाऱ्याला काहीतरी खटकत राहील, आणि काय खटकतं ते त्याला सांगता येणार नाही. अशी गिटार कोपऱ्यात पडून राहते.

दुरुस्तीचे दोन रस्ते. पहिला सगळ्यांना ठाऊक असलेला: शिसवाचा भुसा खाचेत दाबायचा आणि वर फेवीक्विकचे दोन थेंब. शिसव काळपट असल्यामुळे रंग बेमालूम मिळतो. खाच जागेवरच असेल, फक्त जास्त रुंद झाली असेल, तर मीही हेच करतो. पण इथं नवी खाच जुनीला खेटून पाडायची होती. खाचेची रुंदी धरली तर दोघींच्या मध्ये एक मिलिमीटरही लाकूड उरत नव्हतं. भुशाचा भराव कडक होतो खरा, पण त्याला रेषा नसते. करवत लागली की तो खड्यासारखा फुटतो आणि मधली भिंत घेऊन जातो.

म्हणून दुसरा रस्ता. त्याच पट्टीच्या कापून टाकलेल्या टोकाचा तुकडा केराच्या डब्यातून काढला. म्हणून गिटारीच्या लाकडाचा एकही तुकडा काम पुरं होईपर्यंत दुकानाबाहेर जात नाही. त्याची खाचेएवढी पातळ चीप काढली, काचेवर पेपर ठेवून घासली आणि बोटाने दाबल्यावर जाईल, ठोकावी लागणार नाही, इतपत आणली. ठोकून बसवलेली चीप पट्टीला पाठीकडे वाकवते. पातळ सरस लावून ती खाचेत सारली, वरचा भाग पटाशीने सपाट केला आणि पट्टी बल्बच्या कपाटात ठेवली. हे कपाट म्हणजे जुनी लोखंडी अलमारी आणि आत साठ वॅटचा पिवळा बल्ब. पावसाळ्यात माझं निम्मं दुकान या बल्बवर चालतं.

संध्याकाळी नवी खाच. तिच्यावर धातूचा पडदा बसला की त्याचा माथा दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर झाकतो, ठिगळाची एक कड तेवढी दिसेल. दिसू दे.

शिसवाचं सांगायचं तर 1969 च्या सुमाराला अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीला ब्राझीलचं शिसव मिळेनासं झालं आणि ती आपल्याकडच्या शिसवाकडे वळली. तेव्हापासून जगातल्या हजारो गिटारींच्या पाठी आपल्या दक्षिणेतल्या लाकडाच्या आहेत. आमच्याकडे मात्र शिसवाचे पलंग होतात.

अकरा

लाइट गेली आणि त्याच सुमाराला दारात रिक्षा थांबली. आर्णीकडच्या एका भजनी मंडळाचे बुवा कापडात गुंडाळलेली वीणा घेऊन उतरले.

“मिस्त्री, उद्या सकाळी दिंडी निघून राह्यली. हे मान हलते जी.”

वीणेची दांडी जिथे भोपळ्याला मिळते तिथला सांधा सुटला होता. हे काम एरवी साधं. जुन्या वाद्यात सरस असतो. गरम पाण्याची वाफ दिली की तो मऊ पडतो, सांधा अलगद सुटतो, खरवडून पुन्हा जोडायचा. सरसाचा हाच मोठा गुण की तो ऐकतो. पण कोणीतरी आधी तिथे अरल्डाइट ओतलं होतं आणि मनाला खात्री वाटावी म्हणून दोन स्क्रू मारले होते. एक स्क्रू तिरका जाऊन दांडीत उभी चीर पडलेली.

मूळ दोष वीस मिनिटांचा, त्याच्यावरची दुरुस्ती काढायला दीड तास. स्क्रूच्या डोक्याला तापवलेलं लोखंड लावून ठेवलं, तेव्हा ते मोकळे झाले. अरल्डाइट उष्णतेने थोडं नरम होतं, तेवढ्यात पटाशीच्या टोकाने कपच्या काढल्या. स्क्रूची भोकं गोल खुंट्यांनी बुजवायचा मोह होतो. पण खुंटीचा काप दांडीच्या रेषेला आडवा येतो आणि जोर पडला की तिथेच मोडतं. त्यापेक्षा भोकाभोवती होडीच्या आकाराची खाच घेतली, रेषा दांडीच्या रेषेला समांतर ठेवून ठिगळ बसवलं, चिरेत पातळ सरस सोडला आणि सुतळीचे वेढे देऊन काडीने पीळ भरला. शिकंज्यापेक्षा सुतळी गोल वस्तूला बरी, चारी बाजूंनी सारखी दाबते. तारांच्या ज्या खुंट्या सरकत होत्या त्यांना खडू लावला.

“तार आज चढवू नका बुवा. उद्या सकाळी नेजा.”

“गाडी सातची हाय.”

“सहाले दुकान उघडं असते.”

भजनाच्या वाद्यांनी मला गिटारीकडे आणलं. एका घरात माळ्यावर पडलेली गिटार कोणीतरी पेटी-वीणेसोबत दुरुस्तीला दिली होती. ती उघडली तेव्हा पहिल्यांदा आतल्या फासळ्या बघितल्या. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 पर्यंत यवतमाळातच होती, मग ती पुण्याला गेली. त्या वेळची गिटार आहे असं घरातले सांगत. खरंखोटं त्यांना ठाऊक. सुताराने वाद्याकडे वळणं काही जगावेगळं नाही. मिरजेची सतार करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तिथे तंबोरा-सतारीचं काम उभं केलं, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांच्या एका कामाला माझा दंडवत आहे, ते म्हणजे जवारी काढणं. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसेने इतका हलका घासायचा की तार त्याला स्पर्श करत घुमली पाहिजे. तिथे कानस एकदा जास्त फिरली तर भरून काढायला काही नाही. माथा पुन्हा पहिल्यापासून उतरवायचा.

एक

भाकर, झुणका, कांदा. लाइट आली.

दोन

कुशी वाकवायच्या. सागवानाची सव्वादोन मिलिमीटर जाडीची लांब पट्टी, पाण्यात भिजवलेली, आणि गॅसच्या बर्नरवर तापलेला लोखंडी पाइप. पट्टी पाइपवर दाबत राहायची. लाकूड नरम आलं की हाताला एक क्षण सैल लागतं, त्याच क्षणी वळवायचं. पोटाचा बाहेरचा बाक सोपा. कमरेचा आतला बाक भल्याभल्यांना रडवतो.

पहिली पट्टी कमरेपर्यंत आली आणि चर्र वाजलं.

इथं बघायचं एकच. तंतू उचकटलेत की तुटलेत? बाहेरच्या बाजूला नुसता पापुद्रा सुटला असेल तर पट्टी गरम असतानाच पापुद्र्याखाली पातळ गोंद सोडायचा, वर मेणकागद, त्यावर लाकडी ठोकळा, आणि तशीच साच्यात आवळायची. दुसऱ्या दिवशी शोधून सापडत नाही. पण पट्टी वळवली आणि चीर दोन्ही अंगांनी दिसली तर तंतूच आडवे तुटलेत. त्याला आतून पट्टी मारा, बाहेरून गोंद भरा, कमरेला कायमचा एक कोन राहतो. ही तशीच निघाली. मी ती मोडून चुलीपाशी टाकली.

भाच्याला हळहळ वाटली. “आतून ठिगळ लावलं असतं तर?”

त्याला पट्टीचं तुटलेलं टोक दाखवलं. पटाशीने उभं फोडलं तर चीर सरळ न जाता तिरकी बाहेर निघत होती. म्हणजे सरं कापताना करवत रेषेला तिरकी गेलेली. पट्टीवर वरून सरळ रेषा दिसत होत्या त्या फसव्या. तंतू मध्येच संपत होते. अशी पट्टी आज इथं जोडली तर उद्या तिथं फुटेल. त्याच सऱ्यातून आणखी तीन पट्ट्या कापलेल्या होत्या. प्रत्येकीचं टोक फोडून पाहिलं. दोन टाकल्या, एक ठेवली. तिची जोड आता दुसऱ्या सऱ्यातून शोधायची, रंग थोडा वेगळा येईल. तोर्रेसने कागदाच्या केल्या होत्या, मी दोन रंगांच्या करतो.

साडेतीन

सकाळच्या तबलीवर शिकंज्याचा खिळा निसटून पडला, नखाएवढा खड्डा. सांध्यापासून चार बोटं लांब होता म्हणून बरं. ओल्या सुती कापडाची चौकोनी घडी खड्ड्यावर ठेवून इस्त्रीचं टोक दोन सेकंद टेकवलं. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. दोनदा केलं, गेला. कापून गेलेलं लाकूड मात्र वाफेने येत नाही. हा इलाज फक्त दबलेल्याला.

साडेचार

दिवसातलं सर्वांत नाजूक काम मी मुद्दाम या वेळेला ठेवतो. गिऱ्हाइकं कमी असतात आणि उजेड पश्चिमेच्या दारातून आडवा येतो. दुसरी एक गिटार आहे, तिचं खोकं तयार आहे. तिला दांडी बसवायची. दांडीच्या बुडाला कुसू, खोक्यात खोबण.

कुसू ढिली होती. हातात धरून हलवली तर टिकटिक वाजायची. दाराच्या चौकटीत आम्ही अशा वेळी पाचर मारतो. इथं पाचरीने खोबणीची भिंत फुटते. म्हणून कुसूच्या दोन्ही गालांना सागवानाचीच पातळ पापडी लावली, रेषा दांडीच्या दिशेने. सागवान तेलकट. ताजा रंधा मारून लगेच जोडला नाही किंवा थिनरचा बोळा फिरवला नाही तर गोंद धरत नाही. वर्षभराने पापडी सुकी निघून येते आणि दोष गोंदाच्या कंपनीला लागतो.

पापडी वाळल्यावर कुसू बसली, सरळ पट्टी दांडीवरून घोडीच्या जागेपर्यंत ठेवली आणि खाली वाकून पाहिलं. पट्टी घोडीच्या माथ्याला टेकायला हवी. ती त्याच्या एक सूत खाली जात होती. म्हणजे दांडी पुढे झुकलेली. अशीच चिकटवली तर घोडी घासून बुटकी करावी लागेल, आणि बुटक्या घोडीवर तारांचा दाब कमी पडतो, आवाज बसतो. दांडीवरचे पडदे घासून निभावणारेही आहेत. त्यांची वाद्यं दोन वर्षांनी माझ्याकडे येतात.

इलाज बुडाशी आहे. दांडी खोक्याला चौदाव्या पडद्याशी मिळते. तिथून घोडी 290 मिलिमीटर. दांडीच्या टाचेची उंची 90. घोडीपाशी तीन मिलिमीटर उचलायचं तर टाचेच्या खालच्या टोकाशी तीनाचे नव्वद छेद दोनशे नव्वद, जेमतेम एक मिलिमीटर काढायचं आणि वर येता येता शून्य. पटाशीने एवढं सारखं उतरत नाही. पॉलिश पेपरची पट्टी टाच आणि खोकं यांच्या फटीत घालायची, खरखरीत बाजू टाचेकडे. दांडी हाताने दाबून धरायची आणि पेपर ओढून काढायचा. डावीकडे चार ओढ, उजवीकडे चार. मग पट्टी ठेवून बघणं. पुन्हा चार-चार. घासणारा कागद खोक्याच्याच गोलाईवरून जातो, त्यामुळे टाच खोक्याला नेमकी मिळत येते. डावी-उजवी मोजणं चुकलं तर दांडी वाकडी होते आणि तारा एका कडेने घसरतात. म्हणून भाचा मोठ्याने मोजतो, मी ओढतो. शेजारच्या पानठेल्यावर लोकांना वाटतं आम्ही पाढे म्हणतोय.

सव्वासहाला पट्टी घोडीच्या माथ्याला टेकली. सरस लावला नाही. काटा अठ्ठ्याहत्तरवर होता. दांडी नुसती बसवून ठेवली आणि खोकं बल्बच्या कपाटात गेलं.

सात

सातव्या पडद्याची नवी खाच भाच्याकडूनच पाडून घेतली. या वेळी रेघेला लाकडी ठोकळा शिकंज्याने आवळला, करवतीचं पातं त्याला टेकवून चालवलं. मधली भिंत टिकली.

आज चपडीचं पॉलिश चढवायचं होतं ते राहिलं. दमट हवेत चपडीवर पांढुरकी झाक येते आणि ती उतरवायला पुन्हा स्पिरिटचा बोळा.

तबली खोक्यावर चढण्याआधी तिच्या आतल्या अंगावर मी पेन्सिलीने लिहितो: सांधा दोनदा जोडला, सरस. पट्टीवर सातव्या पडद्याशी शिसवाची चीप. उद्या कधी ही गिटार दुसऱ्या मिस्त्रीच्या टेबलावर गेली तर आवाजाच्या भोकातून आरसा घालून त्याला वाचता येईल, आणि वाफ द्यायची की नाही ते कळेल.

पुसदच्या गुरुजींचा फोन आला. गिटार त्यांचीच.

“दादा, कुठवर आलं?”

“तबली पुन्हा जोडली. कुशी नव्याने कापतो. एका बाजूचा रंग वेगळा दिसेल, चालते का?”

“आवाजाला फरक?”

“आवाजाले नाही.”

“मग चालते. दिवाळीपर्यंत?”

“हवा कोरडी झाली की.”

शटर ओढायच्या आधी भाच्याला उद्याचं सांगितलं: सहाला वीणेचे बुवा येतील, सुतळी त्यांच्यासमोर सोडायची. आठला वडगावच्या घराच्या चार खिडक्या, बिजागऱ्या आजच मोजून ठेव.